भागाबाईची खोली लाल कशी झाली

भागिरथी भिंगारदिवे हे नाव विद्यापीठात फक्त हजेरीच्या मशीनला माहीत हाय. पोरं तिला मावशी म्हनत्यात, संगतीच्या बाया भागाबाई म्हनत्यात, आन सुपरवायझर कल्याण तिच्या माघारी जे म्हनतो ते चारचौघात सांगन्यासारखं न्हाई. तोंडावर मात्र तोबी भागाबाईच म्हनतो. एकदा त्यानं तिला 'ए बाई' म्हनून हाक मारलेली. तवा ती दिवसभर त्याला 'ए बुवा, ए बुवा' करीत अख्ख्या आवारात फिरली. पोरं अजून त्याला बुवाच म्हनत्यात.

माहेर मिरजगावचं, सासर सुप्याच्या पुढच्या माळावरचं. कांदा निवडला, वीटभट्टी केली, लग्नाच्या पंगतींची भांडी घासली. ज्या माळावर तिनं शेळ्या वळल्या त्याच माळावर पुढं हे काचेचं विद्यापीठ उठलं, आन शेळ्या इकून भागाबाई तिथं फरशी पुसायला लागली. शेळ्या परवडल्या, असं ती म्हनती. त्यांच्या लेंड्या इकल्या तरी जायच्या, हितल्या पोरांचे चिप्सचे कागद कोन घेतंय.

तिनं सगळ्या बिल्डिंगींना आपली नावं ठिवलेली. इंजिनेरिंगची काचेची ती आरसेमहाल, कारन पोरी तिच्यात बघून केस नीट करत्यात. लायब्ररी ती झोपायची बिल्डिंग. मोठ्या साहेबांची ती कचेरी. नवी बाई कामाला आली की पहिल्या दिवशी ही नावं पाठ करून घ्यायची, न्हाईतर भागाबाईनं काय काम सांगितलं तेच तिला कळायचं न्हाई.

झोपायच्या बिल्डिंगीत जिन्याखाली एक खोली हाय. सगळं रामायण त्या खोलीचं.

आधी बाया संडासाबाहेरच्या वऱ्हांड्यात जेवायच्या. एकदा कुठले तरी पाव्हणे आले, फोटो काढायचे हुते, तवा कल्याणनं बायांना डब्यासकट पाण्याच्या टाकीमागं पिटाळलं. उन्हात, उभ्यानं खाल्लं बिचाऱ्यांनी. भागाबाई तवा काय बोलली न्हाई, आन ती बोलली न्हाई की समजायचं काहीतरी शिजतंय. पुढं आरसेमहालाचं उद्घाटन झालं. सगळे साहेब मांडवात हार घालून घेत हुते. तेवढ्यात बायांनी जिन्याखालच्या खोलीतल्या मोडक्या खुर्च्या उचलल्या आन कल्याणच्या केबिनीपुढं वळीनं मांडून ठिवल्या, जनू त्याला भेटायला मंडळी येनार हाय. खोली झाडली, सारवल्यासारखी पुसली. आतून कडी बसवली. आन भागाबाईनं एका पोराकडून कागदावर मोठ्या अक्षरात छापून घेतलं, 'सफाई साहित्य कक्ष', आन दारावर डकवलं. इद्यापीठात मानसाला इचारत्यात, पाटीला कुनी इचारत न्हाई. तवापासनं खोली बायांची.

आत एक सतरंजी, एक माठ, एक फुटका आरसा आन खडखडनारा पंखा. पन आतून कडी. ज्या बाईला दिवसभर दुसऱ्याचं दार पुसायचंय तिला आपलं दार लावून घेता येनं म्हंजी काय, हे कडी नसनाऱ्यालाच कळतं. सकाळी भागाबाई तिथं बसून निवांत मिसरी लावायची. दुपारी सगळ्या पाळीपाळीनं जेवायच्या. आन आता पूजा तिथं घटकाभर आडवी व्हायची. पूजा सगळ्यात लहान, सातवा महिना लागलेला, पाय सुजून भोपळा झालेले. नवरा टेम्पोवर, घरात सासू नुसती ताप. ती सरळ म्हनली हुती, भागाबाई, ही खोली हाय म्हनून मी टिकले, न्हाईतर कधीच घरी बसले असते.

आता मोबाईलचं सांगायला पायजे, कारन पुढचा सगळा घोळ मोबाईलनं केला.

सफाईचा ठेका घेतलेल्या कंपनीचा नेम असा की कामावर मोबाईल वापरायचा न्हाई. सकाळी बंद करून कल्याणकडं जमा करायचा, जाताना घ्यायचा. पन ज्यांची पोरं शाळेत, म्हातारी मानसं घरात, त्या बायांनी दिवसभर मोबाईल बंद ठिवायचा म्हंजी जीव टांगनीला. मग भागाबाईनं तोड काढली. प्रत्येकीच्या घरात एक मेलेला मोबाईल असतोच. पोरानं पाण्यात पाडलेला, नवऱ्यानं रागात आपटलेला. ते मेलेले मोबाईल बाया रोज सकाळी इमानदारीनं कल्याणच्या ड्रॉवरात ठिवायच्या आन सांच्याला इमानदारीनं परत घ्यायच्या. कल्याण त्यांच्यावर नीट कुलूप लावायचा. एकदा तर त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं की माझ्याकडं मोबाईल एकदम सेफ असत्यात, एकाचीबी बॅटरी उतरत न्हाई.

जिवंत मोबाईल असायचे पंपाच्या खोलीत, भीमराजकडं.

भीमराज पंप चालवायचा. मानूस लांबुडका, पायपासारखा, आन रातंदिस पंपापाशी बसून आवाजबी तसाच झालेला. पंपाची खोली पार कडंला, तिकडं साहेब फिरकत न्हाईत. भिंतीला खिळे मारून त्यानं सगळ्यांचे मोबाईल पिशव्यांत अडकवलेले. कुनाचा वाजला की हा उचलायचा. कुनाच्या पोराला सांगायचा आई आरसेमहालात हाय, कुनाच्या सासऱ्याला सांगायचा गोळी जेवल्यावर घ्या. पूजाच्या नवऱ्याला तर एकदा त्यानं झापलं की सारखा सारखा फोन करू नकोस, ती बसली का उभी हाय ते मी बघून सांगतो. अगदीच निकडीचं असलं तर पायपावर पाना वाजवायचा. पायपातनं आवाज समद्या बिल्डिंगींत जायचा आन जिचा इशारा तिला बराबर कळायचा. पोरांना वाटायचं पायपात हवा भरली.

असं सगळं झ्याक चाललं हुतं. तेवढ्यात पार्थ सर आले.

पार्थ सर पुण्याचे. वय भागाबाईच्या लेकाएवढं, सम्राटएवढं, अंगानं काडी, बोलायला गोड. विद्यापीठाच्या बिल्डिंगी, लाईट, पानी, सफाई, सगळं त्यांच्याकडं दिलं. त्यांनी कचेरीत भिंतीएवढा स्क्रीन लावला. त्याच्यावर समदं विद्यापीठ वरून दिसायचं, घारीला दिसतं तसं. आन त्याच्यावर रंग. जिथं मानसांची गर्दी तिथं लाल. थोडी मानसं तिथं पिवळं. कुनीच न्हाई तिथं निळं. सगळ्या स्टाफला बसवून सरांनी समजावलं की आता अंदाजानं काम करायचं न्हाई, डेटा सांगेल तसं करायचं. लाल तिथं सफाई जास्त. निळं तिथं लाईट बंद, पंखा बंद, आन कायमच निळं असलं तर खोलीला कुलूप, ती दुसऱ्या कामाला द्यायची. कल्याणच्या मोबाईलमधी ॲप टाकलं. ते ठनठन वाजायचं आन सांगायचं, हितं दोन बाया पाठव, तिथं एक पाठव. कल्याणला आधी अक्कल लावायला लागायची तेबी बंद झालं. तो खूश.

स्क्रीन लावला आन सगळ्यात लाल दिसली पंपाची खोली.

दिवसभर लालभडक. पार्थ सर येडे झाले. म्हनले, एवढे कर्मचारी तिथं जमतात आणि आपण त्यांना काहीच सोय दिली नाही. लगोलग पंपाच्या खोलीपुढं दोन बाकडी आली, मोठी कचराकुंडी आली, गार पान्याचं मशीन आलं. ॲप बायांना सारखं तिकडं पिटाळायला लागलं, पंपाची खोली झाडा, पंपाची खोली पुसा. भीमराजला आयुष्यात कुनी बाकडं दिलं नव्हतं. तो आधी घाबरला, मग एका बाकड्यावर बसायचा आन दुसऱ्यावर पाय ठिवायचा.

कल्याणला वाटलं तिथं जुगार चालतोय. दबा धरून गेला तर एकटा भीमराज गार पानी पीत बसलेला. इचारलं, बाकीचे कुठंयत. भीमराज म्हनला, आत्ताच गेले, तुमाला वाटंत घावले न्हाईत व्हय.

हसून हसून बायांच्या पोटात दुखलं. पन हसू लई दिवस टिकलं न्हाई. एक दिवस ॲप वाजलं आन कल्याण जिन्याखालच्या खोलीपुढं येऊन उभा राहिला. तोंडावर असा आनंद की जनू त्याचं लगीन ठरलं. म्हनला, खोली रिकामी करा, ही निळी हाय. निळी म्हंजी हितं कुनी येत न्हाई. हितं कॉफीचं मशीन बसनार हाय.

त्या टायमाला खोलीत सात-आठ बाया घास घेत बसलेल्या.

भागाबाई हात धुऊन तशीच कचेरीत गेली. पार्थ सरांनी तिला खुर्ची दिली, पानी दिलं, आन मोठ्या प्रेमानं तिचं ऐकूनबी घेतलं. ती म्हनली आमी रोज तिथं जेवतो. सर म्हनले तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणत नाही. मग त्यांनी स्क्रीन दाखवला. जिन्याखालची खोली निळीशार, मुळा धरनाच्या पान्यासारखी.

"मावशी, मी काय करू? डेटामध्ये तिथं कोणीच दिसत नाही."

"मग आमी काय भुतं हाय का, सर?"

सरांना हसू आलं, पन ते वंगाळ मानूस नव्हते. म्हनले, परीक्षा संपेपर्यंत मी थांबतो. तोवर ही खोली एकदा जरी लाल दिसली ना, तर तिला कोणी हात लावणार नाही, माझा शब्द.

भागाबाईला वाटलं ह्यात काय अवघड हाय. मानसं दिसत न्हाईत तर जास्त मानसं बसवू. तिनं पूजाचं डोहाळजेवन त्या खोलीत काढलं. एकदम जंगी. माळीकाम करनाऱ्या बाया बोलावल्या, मेसच्या बाया बोलावल्या, हॉस्टेलच्या पोरी बोलावल्या तर त्या मोबाईल चार्जिंगला लावून नटूनथटून आल्या, कारन डोहाळजेवन त्यांनी फक्त सिरियलीत बघितलेलं. पूजाला हिरवी साडी, फुलांचे दागिने. एकीच्या मांडीवर दुसरी अशा बसल्या. खोलीत मुंगीला वाट नव्हती, पंखा थकून बंद पडला. मधीच भागाबाई पळत कचेरीत गेली आन घाम पुशीत स्क्रीनपुढं उभी राहिली.

निळी. पार निळी.

आन तिकडं पंपाची खोली लाल, रोजच्यापेक्षा लाल, कारन आज माळ्यांच्या आन मेसच्या बायांनीबी आपले मोबाईल भीमराजकडं टांगले हुते. सरांनी त्या लाल ठिपक्यावर बोट ठिवलं आन म्हनले, बघा, सगळी गर्दी इथं आहे.

भागाबाईनं त्या बोटाकडं बघितलं. तिथं भीमराज एकटा हाय हे तिला माहीत. त्याच्याकडं कुत्रंबी जात न्हाई हेबी माहीत. मग तिथं हाय काय? आन तिच्या टाळक्यात ट्यूबलाईट पेटली. तिनं साळसूदपनी इचारलं, सर, हे मशीन मानसं वळखतं कसं? सरांनी कौतुकानं सांगितलं की वायफायच्या डब्यांना जवळपासचे मोबाईल दिसतात, आणि आजकाल मोबाईलशिवाय माणूस असतो कुठं मावशी?

दुसरी कुनी असती तर तिथंच खरं बोलून मोकळी झाली असती. पन खरं बोलायचं म्हंजी खिळ्याला टांगलेले मोबाईल सांगायचे, म्हंजी मेलेल्या मोबाईलचं ड्रॉवर सांगायचं, म्हंजी भीमराजला घरी पाठवायचं. भागाबाई आपल्या मानसाला इकून खोली घेनारी न्हाई. ती नुसती म्हनली, व्हय सर, मोबाईलबिगर मानूस कुठला, आन तोंडाला पदर लावून भायेर आली. जिन्यावर बसली आन पोटभर हसली.

मग एका पाळीच्या सात-आठ बायांनी दुपारच्या जेवनाला आपले मोबाईल खोलीत आनून बघितले. खोली पिवळी झाली, पन लाल होईना. मेसवाल्यांना रोज रोज बोलवायला डोहाळजेवनं आनायची कुठून, पूजा तर एकदाच गरोदर. भागाबाईला आता ढीगभर मोबाईल पायजे हुते. आन ढीगभर मोबाईल घेऊन फिरनारी जमात विद्यापीठात एकच.

परीक्षा लागली. परीक्षेच्या हॉलात मोबाईल न्यायला बंदी. पोरं भायेर वऱ्हांड्यात बॅगा ठिवायची, बॅगंत मोबाईल, आन आत बसून उत्तरापेक्षा मोबाईलची काळजी करायची, कारन मागल्या परीक्षेत दोघांचे गेले हुते. भागाबाई दारात उभी राहिली आन म्हनली, पोरांनो, मावशीकडं द्या, आतून कडी असलेली खोली हाय. पोरांनी बघता बघता रांग लावली. जो तो आपल्या ओळखपत्राला मोबाईल रबरानं बांधून द्यायला लागला. भागाबाई प्रत्येकाला सांगायची की बंद करू नको, नुसता आवाज बंद कर. एका पोरानं कारन इचारलं. ती म्हनली, बंद केल्यावर मोबाईलला थंडी वाजती.

बायांनी सिमेंटकामाची घमेली धुऊन आनली हुती. घमेली भरली, बादल्या भरल्या, पूजाच्या डोहाळजेवनाची परातबी भरली. दार लावलं, कडी घातली, आन त्या पाळीच्या पाच जनी मोबाईलच्या ढिगामधी निवांत डबे उघडून बसल्या. भागाबाईचा हिशेब साधा हुता. घटकाभरात खोली लाल व्हनार, सर बघनार, शब्द दिलाय तो पाळनार, इषय संपला.

तिला दोन गोष्टी माहीत नव्हत्या. एक म्हंजी, लालच्या पुढं अजून एक रंग हाय. काळा. एवढ्याशा जागेत एवढी मानसं म्हंजी एकावर एक रचल्याबिगर मावनार न्हाईत, म्हंजी चेंगराचेंगरी झाली, असं समजून मशीन आपल्याआप भोंगा वाजवतं आन गाड्या बोलावतं. दुसरी गोष्ट, त्याच घडीला भायेरून तपासायला आलेली कमिटी कचेरीत स्क्रीनपुढं बसलेली, आन पार्थ सर त्यांना रंग समजावून सांगत हुते.

भोंगा वाजला. असा वाजला की झोपायच्या बिल्डिंगीतली पोरं पहिल्यांदा जागी झाली. वॉचमन धावले. ॲम्ब्युलन्सवाला डायवर झाडाखाली घोरत हुता, तो उठून आधी चुकीच्या गाडीत बसला. कल्याण आग इझवायचं लाल नळकांडं खांद्यावर घेऊन पळाला. मागं पार्थ सर, मागं कमिटी, आन कमिटीच्या म्होरं एक वयस्कर मॅडम, साडीचा काठ वर धरून सगळ्यांच्या आधी जिन्याशी पोचल्या.

दार बंद. आतून आवाज येत हुता, घूंऽऽ, घूंऽऽ. पोरांच्या आयांचे फोन आलेले, पेपर कसा गेला इचारायला, आन शे-दोनशे मोबाईल घमेल्यांत थरथरत हुते. भायेर वाटलं आत मानसं कन्हत्यात. कुनीतरी म्हनलं, गुदमरली. कल्याण दार बडवायला लागला.

आतून भागाबाईचा आवाज आला. "हळू. जेवन चाललंय."

कडी निघाली. दारात भागाबाई, एका हातात भाकरीचा तुकडा. तिनं नळकांडं बघितलं, स्ट्रेचर बघितलं, समोरची गर्दी बघितली आन तिला कळलं की आपलं जरा जास्तच झालं.

मॅडमनी इचारलं, "आत किती लोक आहेत?"

"आमी पाच जनी. पूजाच्या पोटातलं धरून सहा."

मॅडम उंबऱ्यात वाकल्या. त्यांनी घमेली बघितली, परात बघितली, थरथरनारे मोबाईल बघितले. मग मागं वळून पार्थ सरांना म्हनल्या, हा काय प्रकार आहे. सरांच्या तोंडावर रक्त नव्हतं. एवढा मोठा स्क्रीन, एवढे रंग, आन कमिटीसमोर त्याची अशी माती झालेली. सम्राट बारावीला नापास झाला तवा दारात असाच उभा राहिला हुता, चप्पलबी न काढता.

भागाबाईकडं एक वाक्य कधीपासनं तयार हुतं. तुमचं मशीन मानसं मोजत न्हाई. ते अगदी जिभंवर आलं हुतं. खोली राहिली असती, कल्याणचं नाक कापलं असतं, सगळं झालं असतं. तिनं भाकरीचा तुकडा तोंडात टाकला आन त्याच्याबरोबर ते वाक्यबी गिळलं.

"सरांनीच सांगितलं हुतं, मॅडम. परीक्षेच्या टायमाला गर्दीत काय इपरीत झालं तर भोंगा वाजतो का, गाडी येती का, ते बघायचं हुतं. खरी मानसं कोंबली असती तर मेली असती. म्हनून मोबाईल कोंबले."

घमेलं घूंऽ घूंऽ करीत हुतं. मॅडमनी सरांना इचारलं, खरं का.

पार्थ सरांनी भागाबाईकडं बघितलं. तिनं डोळा मारला न्हाई, पन मारल्यासारखंच तोंड केलं.

"हो मॅडम," सर म्हनले. "सराव होता."

कल्याणला ऱ्हावलं न्हाई. म्हनला, मॅडम, खोटंय, ह्या बायांना मोबाईल जवळ ठिवायची परवानगीच न्हाई, ह्यांचे मोबाईल माझ्याकडं जमा असत्यात. मॅडमनी खात्रीसाठी तेबी बघायचं ठरवलं. ड्रॉवर उघडला. सगळ्यांचे मोबाईल जागच्या जागी, एकबी हललेला न्हाई, एकाचीबी बॅटरी उतरलेली न्हाई. मॅडमनी कल्याणची शिस्त चांगली हाय असं सांगितलं, आन तो बिचारा आपल्याच साक्षीत गाडला गेला.

कमिटी गेली. जाताना ॲम्ब्युलन्स किती चटकन आली ह्याचं लई कौतुक करून गेली. डायवर चुकीच्या गाडीत बसल्याचं कुनी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवनाच्या टायमाला दारावर टकटक झाली. पार्थ सर, एकटेच. आत यायला परवानगी मागत हुते. बायांनी सतरंजीवर जागा केली. सर मांडी घालायला गेले, जमंना, मग गुडघे पोटाशी घेऊन बसले. भागाबाईनं इचारलंबी न्हाई, भाकरी वाढली, वर मिरचीचा ठेचा.

सर म्हनले, "मावशी, मशीन मोबाईल मोजतं, माणसं नाही, हे मला कालच कळलं. तुम्हाला कधी कळलं?"

"कालच. घमेली भरताना."

"आणि पंपाच्या खोलीत एवढे मोबाईल कुणाचे?"

"ठेचा घ्या सर."

सरांनी ठेचा घेतला. डोळ्यांतनं पानी, नाकातनं पानी, कानाची पाळी लालबुंद. पूजानं माठातलं पानी दिलं. सगळं गिळून झाल्यावर त्यांनी पंपाच्या खोलीचा इषय पुन्हा काढला न्हाई. नुसते म्हनले की भीमराजकडची बाकडी आता परत नेली तर बरं दिसणार नाही. मग भाकरी संपवली, अजून अर्धी मागून घेतली आन गेले.

शब्दाचा मानूस निघाला. जिन्याखालची खोली जास्त गर्दीची म्हनून त्यांनी मशीनमधी पक्की करून टाकली, म्हनले कमिटीनं डोळ्यांनी बघितलंय, आता ती बदलता येणार नाही. दारावर नवी पाटी आली, 'परीक्षा मोबाईल कक्ष', ह्या वेळी खरी, पत्र्याची. कॉफीचं मशीन मोडक्या खुर्च्यांच्या जागी, कल्याणच्या केबिनीपुढं बसलं, आन दिवसभर पोरं तिथं कप घेऊन त्याच्या काचेत बघत उभी राहायला लागली.

आता जास्त गर्दीची खोली म्हनली की मशीनच्या हिशेबानं तिथं घान जास्त. घान जास्त म्हनली की सफाई जास्त. ॲप तासातासाला ठनठन वाजतं, जिन्याखालच्या खोलीत बाया पाठव. कल्याणला पाठवायलाच लागतं, न पाठवलं तर त्याच्या नावावर लाल फुली पडती. मग बाया झाडू घेऊन जात्यात, भायेर 'सफाई चालू आहे'ची पिवळी पाटी मांडत्यात, आन आतून कडी लावत्यात. पूजा पाय लांब करून पडती. ती आता बाळंतपनापातूर काम सोडनार न्हाई, आन नंतरबी परत येनार हाय, तसं तिनं सासूला सांगूनबी टाकलं.

परवा कल्याण दारावर येऊन थांबला. हातात मोबाईल, तोंड पडलेलं. म्हनला, भागाबाई, ॲप म्हनतंय हितली सफाई पुरत न्हाई, अजून दोघी पाठव.

आतून आवाज आला, "मग पाठिव की. आन येताना डबे घेऊन या म्हनावं."